जलनेतीचा लोटा आणलाय, पण नाकात पाणी घालायचा धीर होत नाहीये

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी,

पाऊस सरत आला की माझं नाक सुरू होतं. सकाळी अंथरुणातच शिंकांची माळ, मग दिवसभर एक नाकपुडी बंद, आणि रात्री पाठीवर झोपलं की घशात कफ उतरत राहतो. अ‍ॅलर्जीची गोळी घेतली तर ऑफिसात झापड येते. यंदा कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला आणि म्हणाल्या, "स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायची सवय लावा. निम्मं काम तिथेच होईल."

त्याच दिवशी येताना नेतीचा, म्हणजे नाक धुवायचा तोटीवाला लोटा घेऊन आले. तेव्हापासून तो ओट्याखालच्या कपाटात बसलाय. रोज ठरवते, पाणी कोमट करते, मान वाकडी करते आणि तोटी नाकाशी आली की हात आपोआप मागे येतो. विहिरीत पोहायला शिकताना नाकात पाणी गेलं की डोळ्यांमागे जी कळ जायची, ती अजून लक्षात आहे. मुद्दाम तेच करायचं म्हणजे काय!

खरंच तसं झोंबतं का? गुदमरायला होतं का? सासूबाई म्हणतात पाणी डोक्यात चढतं, तसं काही होतं का? आणि खरं सांगायचं तर किळसही वाटते. ज्यांना आधी भीती वाटायची आणि मग जमलं, अशांनी लिहा. "काही होत नाही गं, कर बिनधास्त" एवढंच लिहू नका, ते घरात सगळे म्हणून झालेत.

---

पेठेतला_पाहुणा

नाक मुरडायला असतं, धुवायला नाही. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या ते त्याच कामाला वापरतात आणि उत्तम चाललंय.

---

माधवी_ना

ताई, विहिरीतली कळ आणि नेती यांचा संबंध नाही, आणि हे एकदा पटलं की निम्मी भीती जाते. माझी तरी गेली.

आपल्या रक्तात, अश्रूंत, पेशींभोवतीच्या पाण्यात मीठ असतं, साधारण 0.9 टक्क्यांच्या तोडीचं. विहिरीचं, नदीचं, नळाचं पाणी गोडं असतं. ते नाकाच्या नाजूक त्वचेला लागलं की पेशी पाणी ओढून फुगतात, आणि ती कळ त्याची असते. वर ते पाणी गार असतं, बेसावध असताना घुसतं, आणि श्वास नेमका त्याच वेळी आत ओढलेला असतो. सगळं एकदम.

आता हे आठवून बघा: रडताना नाक का वाहतं? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, तिच्यातून अश्रू खाली येतात. म्हणजे खारं, अंगाइतकं कोमट पाणी तुमच्या नाकातून जन्मभर जातंय. झोंबलंय कधी?

म्हणून सगळा खेळ मिठाच्या प्रमाणाचा आणि कोमटपणाचा. एक लिटरला 9 ग्रॅम मीठ. घरात किचनचा काटा असेल तर त्यावरच मोजा, कारण चमच्याचा भरवसा नाही: बारीक मीठ आणि जाडं मीठ यांचा एकच चमचा वजनात बराच वेगळा भरतो. काटा नसेल तर पाव लिटर पाण्याला बारीक मिठाचा चहाचा अर्धा चमचा, सपाट, शीग न लावता, किंबहुना किंचित कमीच. कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. झोंबलं म्हणजे "आपल्याला हे जमत नाही" असं समजून लोक सोडून देतात. प्रमाण बदलून बघायचं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी मऊ लागतं. सोडा म्हणतेय, बेकिंग पावडर नव्हे.

पाणी मनगटावर टाकून बघा. गरमही नाही, गारही नाही, असं लागलं पाहिजे.

---

माधवी_ना

आधीच्या प्रतिसादात राहिलं. एकदम लोटाभर पाण्यापासून सुरुवात करू नका. मी आधी बरेच दिवस औषधाच्या दुकानात मिळतो तो साधा सलाईनचा फवारा मारत होते. नाकात खारं पाणी जातं आणि काही होत नाही, हे नाकाला (म्हणजे मलाच) कळू दिलं. मग लोट्याने, पण अगदी थोडं, जेमतेम दोन घोट भरतील एवढं. तोटी लावायची, पाणी येऊ द्यायचं, नको वाटलं की मान सरळ करायची. थांबवणं आपल्या हातात आहे हे एकदा अनुभवलं की मग घाबरायला होत नाही. विहिरीत ते आपल्या हातात नव्हतं.

---

कोथरूडचे_काका

इतकं शास्त्र कशाला? आमच्या योगवर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना करायला लावतात. षट्कर्मांतली, म्हणजे हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांतली एक आहे ही: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात नेती सांगितलीय ती तर सुताची, वीतभर सूत नाकातून घालून तोंडातून काढायचं. पाण्याची म्हणजे त्यामानाने लाडाचीच. लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये कोणी शुद्धिक्रियांच्या शिबिराला गेलं असेल तर सांगतील.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. कंबरेतून बेसिनवर वाकायचं, मग मान एका बाजूला. नुसती मान मागे टाकली की पाणी घशात जातं आणि मग लोक ठसकतात. दुसरं, तोंड उघडं. श्वास तोंडाने. "आ" म्हणत राहिलं तरी चालतं. ज्याने तोंड मिटलं तो गुदमरला.

आणि ते उकळणं, मोजणं वगैरे आम्ही काही करत नाही. नळाचं पाणी गिझरमधून कोमट घ्यायचं, चिमूट मीठ टाकायचं. इतकी वर्षं झाली, कोणाला काही झालेलं नाही.

---

निवृत्त_सिस्टर

काका, तुमची मान आणि तोंड दोन्ही बरोबर. शेवटचा परिच्छेद मात्र कृपा करून कोणी मनावर घेऊ नका.

मी नोकरीतली बरीच वर्षं कान-नाक-घसा विभागात काढली. लोकांना जे भय वाटतं (डोक्यात पाणी चढेल, बुडल्यासारखं होईल) त्यात अर्थ नसतो, आणि ज्याचं भय वाटायला हवं ते कोणी विचारतच नाही. ते म्हणजे पाणी कुठलं.

गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. हे पाणी प्यायलं तर काही होत नाही, पोटात तो टिकत नाही. नाकात खूप वर गेलं तर मात्र वासाच्या नसेवाटे तो मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि मग माणूस वाचणं फार दुर्मीळ. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यात दोन जण दगावले, दोघांनीही नळाच्या पाण्याने नेती केली होती. 2024 मध्ये केरळात मुलं गेली त्या बातम्या वाचल्या असतील. तिथे बहुतेकांच्या ओढ्यातळ्यांतलं पाणी नाकात गेलं होतं. कराचीत तर पोहायला न गेलेल्या माणसांनाही झालाय. नमाजाआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, करताना नळाचं पाणी नाकात घेतलं जातं, त्यातून.

हा आजार अतिशय विरळा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. हळदीचं_पान, हे वाचून लोटा परत कपाटात ठेवू नका. कारण उपाय फार सोपा आहे: पाणी खळखळा उकळवा, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट, मी तीन ते पाच मिनिटं ठेवायला सांगते. झाकून निवू द्या. स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवलं तर त्याच दिवशी वापरून टाका. दुसऱ्या दिवशी नवीन. गिझरचं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे.

---

कोथरूडचे_काका

सिस्टर, नोंद घेतली. वर्गात सांगतो. पण आमच्याकडे आरओ आहे, ते तर चालेल ना? त्यात सगळंच गाळलं जातं म्हणतात.

---

निवृत्त_सिस्टर

पडद्यातून गाळलं जातं हो, पण पुढे ते टाकीत साठतं आणि तोटीतून येतं. ती टाकी शेवटची कधी साफ झाली? आरओचं घ्या, पण उकळूनच. विकतच्या पाण्याच्या बाटलीलाही हेच. पिण्यालायक पाणी आणि निर्जंतुक पाणी यात फरक आहे.

---

न्यू_जर्सीकर

इथे फार्मसीत आणि ग्रोसरीत डिस्टिल्ड पाण्याचे गॅलन सर्रास मिळतात, मी तेच वापरतो. आणि लोट्याऐवजी दाबायची बाटली, साधारण 240 मिलीची, सोबत मोजून भरलेल्या मिठाच्या पुड्या. भारतातही ऑनलाइन मिळते असं बहिणीने सांगितलं.

गंमत अशी की आमच्या घरी आजोबा रोज सकाळी नेती करायचे तेव्हा आम्ही भावंडं तोंड लपवून हसायचो. इथे येऊन, एप्रिलमध्ये झाडांचा परागकण सुरू झाल्यावर, एका गोऱ्या डॉक्टरने तीच क्रिया कागदावर छापून दिली तेव्हा मुकाट्याने घरी येऊन केली.

लोटा की बाटली याबद्दल: लोट्यात पाणी आपल्या वजनाने संथ वाहतं, घाबरट माणसाला तो बरा. बाटलीत जोर आपण लावतो. नाक चांगलंच चोंदलेलं असेल तर बाटलीने लवकर उघडतं, पण जोरात दाबली तर कानात दडा बसतो. दाबताना "क, क, क" असं म्हणत राहा. टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो आणि पाणी घशात कमी उतरतं. बेसिनसमोर उभं राहून "क क क" करणारा माणूस बायकोला वेडा वाटतो, ते वेगळं.

---

वाफाऱ्याची_भक्त

मला कळत नाही, साधा वाफारा सोडून ही सर्कस कशाला? निलगिरीचे दोन थेंब, डोक्यावर टॉवेल, दहा मिनिटं. आमच्या आईने आयुष्यभर तेवढंच केलं.

---

माधवी_ना

वाफारा मलाही आवडतो, त्या टॉवेलखालच्या उबेत बरं वाटतं हे खरंच. पण जुन्या सायनसच्या त्रासासाठी इंग्लंडमध्ये आठशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली होती, 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना वाफारा, काहींना नाक धुणं, काहींना दोन्ही. नाक धुणाऱ्यांना थोडाफार फरक पडला, तोही चमत्कार म्हणावा असा नाही. वाफाऱ्याने डोकेदुखीपलीकडे फारसा फरक दिसला नाही. कारण समजण्यासारखं आहे. वाफेने आतला चिकटा सैल झाल्यासारखा वाटतो, पण तो आणि त्यात अडकलेले परागकण, धूळ राहतात जागच्या जागीच. धुतल्याने ते बाहेर येतात.

आणि लहान मुलांना वाफारा देताना उकळतं पातेलं सांडून भाजल्याच्या घटना होतात. ते मात्र खरंच जपा.

---

गवतवैरी

थोडं अवांतर. धागाकर्तीने पाऊस सरताना त्रास होतो असं लिहिलंय. पुण्याच्या आसपास राहत असाल तर गाजर गवताकडे बघा. रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याकडेला कंबरभर वाढून पांढरी बारीक फुलं येतात ना, तेच. काँग्रेस गवत म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातच झाली, 1950 च्या दशकात, आणि आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. त्याच्या परागकणांनी नाक आणि त्वचा दोन्हींना त्रास होतो. आमच्या सोसायटीमागचा प्लॉट फुलायच्या आत साफ करून घ्यायला लागलो तेव्हापासून माझ्या शिंका कमी झाल्या. नाही म्हणायला उपटताना हातमोजे घालायला विसरू नका.

बाहेरून आल्यावर नाक धुणं मला सकाळपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दिवसभरात आत गेलेलं त्याच दिवशी काढलं तर रात्र बरी जाते.

---

एकनाकी

सगळे गोडवे गातायत म्हणून दुसरी बाजू. मला काहीही फायदा झाला नाही. उजवीकडून ओतलं तर पाणी डावीकडून यायचं नावच नाही, तिथेच तुंबायचं आणि कान गच्च व्हायचा. मी चिकाटीने करत राहिलो, लोक म्हणत होते "सवय होईल". शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तर एका बाजूला मोठा पॉलिप, म्हणजे मऊ मांसल गाठ, आणि नाकाचं मधलं हाड वाकडं. ऑपरेशन झालं. आता त्यांनीच रोज धुवायला सांगितलंय आणि पाणी सुरळीत या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर.

एक नाकपुडी कायमची बंद असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, वास येणं गेलं असेल, तर लोटा घेण्याआधी नाक दाखवून या.

---

निवृत्त_सिस्टर

एकनाकी यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात माझी भर: कान दुखत किंवा वाहत असताना करू नका. नाकाचं किंवा कानाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर ते करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि नाक मोकळं करणारे थेंब वापरणाऱ्यांसाठी, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे. ते चार-पाच दिवसांच्या वर वापरले की थेंबांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग माणूस पुन्हा थेंब घालतो. रात्री उशाशी बाटली असल्याशिवाय झोप न लागणारी माणसं मी पाहिलीयत. मिठाच्या पाण्याची अशी सवय लागत नाही.

---

सानूची_आई

मुलगी पाच वर्षांची आहे, सतत सर्दी. तिला करू का?

---

निवृत्त_सिस्टर

लोट्याने नको. ती स्वतः वाकून, तोंड उघडं ठेवून, न घाबरता उभी राहील एवढी मोठी होऊ दे. धरून, दाबून कधीच करू नका, मग जन्मभर नाकाला हात लावू देणार नाही. सध्या सलाईनचे थेंब किंवा फवारा, आणि तोही बालरोगतज्ज्ञांना विचारून.

---

हळदीचं_पान

मंडळी, केलं!

आधी फवारा, मग माधवी_ना म्हणाल्या तसं थोडंसंच पाणी. काट्यावर मीठ मोजलं. दार आतून लावून घेतलं, कारण घरच्यांना प्रेक्षक म्हणून बसायचं होतं. पाणी आत गेल्यावर पहिला क्षण फक्त विचित्र वाटला, दुखलं काहीच नाही. गालाच्या आत कोमट काहीतरी सरकतंय असं, आणि मग दुसऱ्या नाकपुडीतून धार लागली तेव्हा मला एकटीलाच हसू आलं, आणि हसल्यामुळे घशात गेलं. खारट. थुंकून टाकलं.

किळस वाटेल म्हणून डोळे मिटून घेतले होते. मग उघडले आणि बघितलं तर जे बाहेर आलं ते आत बाळगत होते हीच खरी किळसवाणी गोष्ट आहे. तपशील देत नाही, लोक जेवता जेवता वाचत असतील.

त्या रात्री नाक पूर्ण उघडं होतं असं नाही. पण घशात कफ उतरणं बरंच कमी झालं, आणि सकाळच्या शिंका आहेत, पण ओळीने येत नाहीत.

दोन शंका. धुवून तासभर झाला होता, देवासमोर वाकले तर नाकातून बदकन पाणी फरशीवर. हे नॉर्मल आहे का? आणि दिवाळीत गावी जाणार आहे, तिथे चुलीपासून सगळ्यावर माणसांची गर्दी, हे उकळणं-निववणं जमेल असं वाटत नाही.

---

न्यू_जर्सीकर

अभिनंदन! नमस्कार करताना गळणं एकदम नॉर्मल. गालाच्या हाडामागच्या पोकळीत पाणी राहतं, मान विशिष्ट कोनात गेली की बाहेर येतं. माझं एकदा मीटिंगमध्ये लॅपटॉपवर पडलं होतं. धुतल्यावर लगेच खाली वाकायचं, मान डावी-उजवी करायची, आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळू श्वास सोडायचा. एक बंद करून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे ढकललं जातं.

---

कोथरूडचे_काका

म्हणूनच वर्गात नेतीनंतर थोडं हलकं कपालभाती करवून घेतात. वाकून, दोन्हीकडून, अगदी हलकं. लगेच बाहेर गार वाऱ्यात जायचं नाही, असाही दंडक आहे.

---

माधवी_ना

गावी जाताना मी औषधाच्या दुकानातून नॉर्मल सलाईनची बाटली घेते, शिरेतून लावतात तीच, 0.9 टक्के, अर्ध्या लिटरची. मीठ मोजायला नको, उकळायला नको. स्वच्छ भांड्यात ओतून, ते भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. फोडली की त्याच दिवशी संपवायची, उरलेली टाकून द्यायची. घरच्यांना आधी सांगून ठेवा मात्र. सलाईनची बाटली बघून आमच्या आत्याने "कोण आजारी आहे" म्हणून अख्खी आळी गोळा केली होती.

---

पेठेतला_पाहुणा

एक गंभीर प्रश्न, पहिल्यांदाच. घरात पूजेचा जुना तांब्याचा तोटीवाला लोटा आहे. त्याने केलं तर?

---

निवृत्त_सिस्टर

तांब्याचा नको. खारं पाणी तांब्याला खातं, हिरवट कळा येते, आणि ते नाकात जायला नको. स्टीलचा, चिनी मातीचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा घ्या. वापरल्यावर धुवून, उपडा घालून पूर्ण सुकवायचा. तोटी आतून ओली राहते, तिथेच घाण धरते. आणि घरात ज्याचा त्याचा लोटा वेगळा. दात घासायचा ब्रश कोणाला देता का?

---

हळदीचं_पान

सगळ्यांचे आभार. आता शेवटचं. स्प्रे धुतल्यावर लगेच मारायचा का? मी लगेच मारते तर तो पाण्याबरोबर वाहून ओठावर येतो असं वाटतं.

---

निवृत्त_सिस्टर

दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाक निथळू द्या. मग मान किंचित खाली, आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. असं केलं की फवारा आपसूक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने जातो. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की तो कोरडा पडतो आणि रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका, नाहीतर थेट घशात.

---

हळदीचं_पान

अरे देवा, मी तर दोन्हीकडे उजव्यानेच मारतेय आणि वर जोरात ओढतेय. डॉक्टरांनी हे दाखवलं असेलही, माझं लक्ष लोट्याच्या भीतीत होतं. उद्या सकाळी हात बदलून बघते.